‘पा’ म्हणजे काय

शाळेत चार वर्षं काढली तरी मुलं त्यांना ‘नव्या बाई’च म्हणत. त्यात मुलांचा काही दोष नव्हता. दर वर्षी सुट्टी लागली की बाईंची नोकरी संपायची आणि सुट्टी संपली की अकरा महिन्यांचं नवं पत्र हातात पडायचं. मग नव्या नाहीतर काय म्हणणार? चौतिसाव्या वर्षी त्या भावाच्या घरी, आतल्या खोलीत, शिलाई मशीन आणि गाद्यांची चळत यांच्या मधल्या जागेत झोपत. वहिनी स्वभावाने वाईट नव्हती. फक्त महिन्यातून एकदा, भाजी निवडताना, मान वर न करता विचारायची, "काय वन्सं, कायम झाल्याचं पत्र आलं का?" त्या एका प्रश्नाला बाई जितक्या भीत, तितक्या कुठल्या तपासणीलाही भीत नसत.

या वर्षी मात्र पत्र येणार होतं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तसं स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. अट एकच. तपासणीला साहेब येतील तेव्हा नव्या बाईंनी चौथीच्या वर्गावर नमुना पाठ घ्यायचा. साहेब खूश झाले की मोठ्या बाई शिफारशीवर सही करायला मोकळ्या.

साहेब कशाने खूश होतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्याच वर्षी त्यांनी शिक्षकांचं दोन दिवसांचं शिबिर घेतलं होतं आणि त्यात एकच गोष्ट उगाळली होती. मुलांना लिहिताना धोका पत्करू द्या. ‘माझी शाळा सुंदर आहे, शाळेसमोर बाग आहे’ हे बंद करा. शाळेसमोर गटार असेल तर मुलाला गटार लिहू द्या. चुकू द्या, भरकटू द्या, तुमचं ते लाल पेन खाली ठेवा. टाळ्या पडल्या, जेवणं झाली, आणि सगळेजण आपापल्या शाळेत जाऊन पुन्हा फळ्यावर बाग लिहून द्यायला लागले. एकट्या नव्या बाईंनी ते मनावर घेतलं. चांगल्या होत्या हो त्या, सुरुवातीला. हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढे सांगायची संधी मिळणार नाही.

त्यांनी ‘धाडसाची वही’ काढली. चौथीपर्यंत मुलं पेन्सिलने लिहीत. या वहीत मात्र पेनाने लिहायचं, कारण पेनाचं खोडता येत नाही. दर शुक्रवारी एक विषय, मनात येईल ते लिहायचं. बाई एकही चूक काढणार नाहीत, फक्त चांदण्या देतील, एक ते पाच. जितकं धाडस तितक्या चांदण्या. आणि वही घरी न्यायची नाही, ती वर्गातल्या कपाटात राहणार, म्हणजे आईबापांनी नाक खुपसायला नको. पेन हातात मिळालं म्हणून मुलं हरखून गेली. पहिल्याच आठवड्यात एकाने लिहिलं, मला माझा भाऊ आवडत नाही, कुणाला हवा असेल तर घेऊन जा. एकीने लिहिलं, मामाच्या लग्नात बाबा पडले, सगळे म्हणाले पाय घसरला, पण पाय घसरला नव्हता. बाई शिक्षकांच्या खोलीत बसून वाचत, हसत, एकदा तर त्यांचे डोळेही भरून आले.

पण एकोणचाळीस वह्या म्हणजे एकोणचाळीस वह्या. त्यात चूक काढायची नाही म्हटल्यावर वाचलं काय आणि न वाचलं काय, विचारतंय कोण? चौथ्या आठवड्यापासून बाईंनी वाचणं सोडलं. पान उलटायचं, किती भरलंय बघायचं, अक्षर बघायचं, मूल कोणाचं ते आठवायचं आणि चांदण्या ठोकायच्या. वीस मिनिटांत गठ्ठा हातावेगळा. मुलांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, बाई वाचतात.

टाचणीच्या पाच चांदण्या ठरलेल्या असत. टाचणी म्हणजे मोठ्या बाईंची मुलगी. अंगाने काडी आणि डोकं मोठं, म्हणून वर्गाने ते नाव ठेवलं होतं. भिंतीकडच्या बाकावर बसायची, कोणाशी फार बोलायची नाही, पण एकदा लिहायला लागली की घंटा झाली तरी तिचा हात थांबायचा नाही. मुख्याध्यापिकेच्या मुलीला पाचाच्या खाली आणायला बाई काही वेड्या नव्हत्या.

गेले दोन महिने शुक्रवारी वही जमा करताना ही पोर टेबलापाशी थांबायची. बोलायची काही नाही, नुसती बाईंच्या तोंडाकडे बघत राहायची.

"काय गं? छान लिहितेस हं तू," असं म्हणून बाई तिच्या गालाला हात लावायच्या. मग ती जागेवर जायची. पुढच्या शुक्रवारी वही हातात आली की आधी मागचं पान उघडून चांदण्या बघायची आणि नवं पान जास्तच जोर देऊन लिहायची. अक्षरं कागदाच्या मागच्या बाजूने उमटत.

तपासणीच्या आदल्या दिवशी मोठ्या बाईंनी नव्या बाईंना जिन्यात गाठलं.

"उद्या आमच्या कन्यारत्नाला करा की जरा पुढे. पाच चांदण्यांच्या खाली येत नाही म्हणे."

"अहो, ती तर वाचणारच आहे. सगळ्यात शेवटी ठेवलंय तिला, पाठ रंगला पाहिजे ना!" बाई म्हणाल्या. असं काही ठेवलेलं नव्हतं, ते त्यांनी त्या क्षणी ठरवलं.

मोठ्या बाईंचा शाळेत दबदबा होता आणि त्याहून जास्त कौतुक होतं. नवरा दूरच्या नोकरीवर, तीन-तीन महिन्यांनी येणारा. सासरे अर्धांगाने दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले, वाचा गेलेली. "एकच शब्द राहिलाय बघा त्यांच्या तोंडात. पा, पा, पा. पाय दुखतात हो त्यांचे," मोठ्या बाई मधल्या सुट्टीत सांगत. "घरी गेले की पर्ससुद्धा खाली ठेवत नाही, आधी तासभर पाय दाबते." त्यावर बाकीच्या शिक्षिका तोंडाला हात लावत आणि सून असावी तर अशी, असं म्हणत.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. वर्गाच्या मागे खुर्च्या मांडल्या होत्या, एका खुर्चीवर साहेब, शेजारी मोठ्या बाई. नव्या बाईंनी फळ्यावर विषय लिहिला, ‘घरातला एक आवाज’. एकेक मूल उभं राहून शुक्रवारी लिहिलेलं वाचू लागलं. एकाने नळाला हवा येते तो आवाज लिहिला होता. एकीने, आईबाबांचं भांडण झालं की कोणतं दार कोणी आपटलं हे आपल्याला न बघता कळतं, असं लिहिलं होतं. साहेब मान डोलवत होते, वहीत टिपून घेत होते. वाचून झालं की मुलं टाळ्या वाजवत, तसं बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. बाईंना शिफारशीचा कागद डोळ्यांसमोर दिसायला लागला.

मग टाचणी उभी राहिली. वही तिने छातीशी धरली नाही, समोर धरली, आणि स्पष्ट आवाजात वाचलं.

"आमच्या घरात एक आवाज आहे. तो ‘पा’ असा आहे. माझे आजोबा आधी छापखान्यात होते. ते अक्षरांचे खिळे जुळवायचे. त्यांना उलटी अक्षरं वाचता यायची. मला त्यांनी ती शिकवली. आता त्यांना एकच अक्षर येतं. पा.

"आई म्हणते, पा म्हणजे पाय. पाहुणे आले की ती आजोबांचे पाय दाबते. पण पा म्हणजे पाणी. मला माहीत आहे, कारण पाय दाबले तरी ते पा म्हणतात आणि पाणी दिलं की गप्प होतात. दिवसा मावशी असतात. त्या चमच्याने पाणी देतात. सहा वाजता मावशी जातात. मग आई पेला कपाटावर ठेवते. रात्री चादर ओली झाली तर धुवावी लागते आणि सकाळी आईला शाळा असते.

"मी एकदा स्टुलावर चढून पेला काढला होता. आई म्हणाली, तू पाणी दिलंस आणि ठसका लागला, तर आजोबा तुझ्या हाताने मरतील. म्हणून मी देत नाही. पण मावशी देतात तेव्हा ठसका लागत नाही.

"रविवारी मावशी येत नाहीत. त्या दिवशी आजोबा खूप वेळा पा म्हणतात. मग नुसते ओठ हलतात, आवाज येत नाही. मग मी त्यांच्याजवळ बसते आणि मीच म्हणते. पा. पा. हा आमच्या घरातला आवाज आहे."

वाचून झालं. टाळ्या वाजवायचं मुलांना सुचलं नाही. साहेबांनी चष्मा काढला.

"बाळ, हे तुमच्या घरचं आहे?" त्यांनी विचारलं.

नव्या बाई हे पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाई हसत होत्या, शाळेच्या वार्षिक फोटोत हसतात तशा, आणि नजर मात्र नव्या बाईंवर रोखलेली होती. त्या नजरेत चार वर्षं होती, भावाचं घर होतं, ‘काय वन्सं’ होतं. बाईंनी फार विचार केला असं म्हणता येणार नाही. तोंडातून आपोआपच निघालं.

"कल्पनाविस्तार आहे साहेब! मी सांगितलं होतं मुलांना, घरातला एखादा साधा आवाज घ्या आणि कल्पनेने वाढवा."

"मी वाढवलं नाही, बाई," टाचणी म्हणाली.

"बस खाली."

त्या तासात वाचणाऱ्या मुलाला ‘बस खाली’ म्हणायची ती पहिलीच वेळ होती. टाचणी बसली. "टाळ्या!" बाई म्हणाल्या, आणि अडतीस मुलांनी टाळ्या वाजवल्या.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. माणसाला अशा वेळी सुटायचंच असतं, कोणी वाट दाखवली की झालं. "बाप रे, काय कल्पनाशक्ती!" ते म्हणाले. "अंगावर काटा आला माझ्या. हे आपल्या पुस्तिकेत हवं. सगळ्या शाळांना पाठवू. कोणाची मुलगी ही?"

"माझीच," मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी रुमालाने डोळे टिपले. "आजोबांवर फार जीव तिचा. काय काय सुचतं तिला."

साहेब गेल्यावर मोठ्या बाईंनी नव्या बाईंना खोलीत बोलावलं, बसायला सांगितलं, चहा मागवला. रागाचा एक शब्द नाही.

"तुम्ही वेळ सांभाळलीत. मी विसरणार नाही. कागद हा बघा इथेच आहे, सही तेवढी राहिलीय. पण साहेबांच्या पुस्तिकेत छापायचं तर खाली मुलीच्या हातची एक ओळ हवी, की हे सगळं काल्पनिक आहे. उगाच कोणाचा गैरसमज नको."

"हो, हो."

"मी आई पडले. मी लिहून घेतलं तर बरं दिसत नाही. तुमचं ऐकते ती. सारखं बाई वाचतात, बाई वाचतात, असं सुरू असतं घरी." मोठ्या बाईंनी चहाचा कप पुढे सरकवला. "घ्या ना, निवतोय."

बाई वही घेऊन शिक्षकांच्या खोलीत आल्या. खोलीत कोणी नव्हतं. त्यांनी वही पहिल्यापासून उघडली आणि पहिल्या तीन आठवड्यांनंतर प्रथमच नीट वाचली.

‘माझी आवडती वस्तू’ या विषयावर टाचणीने पेल्याबद्दल लिहिलं होतं. स्टीलचा आहे, कडेला पोचा आहे, कपाटावर असतो. खाली पाच चांदण्या. ‘मी अदृश्य झाले तर’ या विषयावर एकच वाक्य सात वेळा लिहिलं होतं, मी अदृश्य झाले तर आजोबांना पाणी देईन. पान भरलेलं दिसत होतं म्हणून पाच चांदण्या. ‘मला कशाची भीती वाटते’ यावर ठसक्याचं होतं. आणि मग ‘एक पत्र’ असा विषय होता. बाईंना आठवलं, त्या शुक्रवारी त्यांना दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं.

‘प्रिय बाई, तुम्ही माझं वाचता हे मला माहीत आहे, कारण तुम्ही चांदण्या देता. तुम्ही एका रविवारी आमच्या घरी याल का? काहीतरी काम काढून या. तुमच्यासमोर आई पाणी देईल. मी सांगितलं असं सांगू नका. आमचं घर पाण्याच्या टाकीच्या मागे, दुसरा मजला.’

त्याच्या खाली त्यांच्याच हातच्या पाच चांदण्या होत्या आणि शेजारी ‘वा!’ लिहिलेलं होतं.

बाईंना लाज वाटली, खरी, अंग जाळणारी लाज. साहेबांचा फोन नंबर त्यांच्याकडे होता. अजून ते फार लांब गेलेही नसतील. दीड मिनिट त्या फोन हातात धरून बसल्या. मग त्यांनी मनाशी म्हटलं, ‘पा’ म्हणजे पाणीच हे कोणी ठरवायचं? म्हातारा माणूस, डोक्यावर परिणाम झालेला. पायही असेल. पोरीला काय कळतंय. आणि दुसऱ्यांच्या घरात आपण कोण बोलणार? हे सगळे विचार अगदी रांगेत आले, बोलावल्यासारखे, आणि शेवटचा आला तो असा की, सही तर होऊ दे, मग शांतपणे बोलू मोठ्या बाईंशी. फोन पर्समध्ये गेला.

मधल्या सुट्टीत त्यांनी टाचणीला वर्गात थांबवलं. बाकीची मुलं मैदानावर होती. बाई तिच्या बाकावर, तिच्या शेजारी बसल्या आणि वही उघडून तिच्यापुढे ठेवली.

"बाई, तुम्ही वाचलं होतं ना सगळं?" टाचणीनेच आधी विचारलं.

इथे एक वाट होती. नाही गं, मी वाचलंच नाही, माझं चुकलं, एवढं म्हणायचं होतं. निदान पोरीला एवढं तरी कळलं असतं, की आपलं म्हणणं कोणापर्यंत पोचलंच नव्हतं. पण न वाचता चांदण्या दिल्या हे नऊ वर्षांच्या मुलीसमोर कबूल करायचं म्हणजे बाईंना मेल्याहून मेल्यासारखं वाटत होतं.

"वाचलं की. सगळं वाचलं."

"पत्रपण?"

"पत्रपण."

"मग तुम्ही आला का नाहीत?"

बाहेर कुणीतरी बाद झालं म्हणून आरडाओरडा चालला होता. बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "मला वाटलं, तू गोष्ट लिहितेयस. इतकं छान लिहितेस ना तू."

टाचणीने खाली बघितलं. बोटावर शाई लागली होती, ती तिने फ्रॉकला पुसली.

"हे बघ," बाई म्हणाल्या, "आई आज फार दुखावली गेलीय. सगळ्यांसमोर वाचलंस ना. तू इथे खाली एक ओळ लिही, हे सगळं काल्पनिक आहे. म्हणजे तिचा राग जाईल."

"राग गेला की ती पाणी देईल?"

"देईल ना."

"रविवारीपण?"

"रविवारीपण."

"तुम्ही सांगाल तिला?"

"मी स्वतः सांगते. बाईंवर विश्वास आहे ना तुझा?"

टाचणीने पेन उघडलं. शब्द अवघड होता, ती थांबली. "बाई, काल्पनिकमधल्या नि-ला पहिली वेलांटी की दुसरी?"

"पहिली," बाई म्हणाल्या. त्या वहीत त्यांनी सुधारून दिलेला तेवढा एकच शब्द.

शाळा सुटायच्या आत सही झाली. बाईंनी आभार मानले, आणि आभार मानत असताना पाण्याचा विषय काढणं बरं दिसलं नसतं म्हणून काढला नाही. घरी वहिनीने त्यांना मिठी मारली. भाऊ म्हणाला, "आता स्वतःची खोली बघ मस्त."

सोमवारी मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "त्या मावशीला काढून टाकलं मी. फार तोंडाळ. घरातलं चव्हाट्यावर न्यायची, पोरीच्या डोक्यात काहीबाही भरवायची. आता मीच येऊन-जाऊन बघते सासऱ्यांचं."

"किती करता हो!" कोणीतरी म्हणालं.

शाळा साडेदहा ते पाच. घर पाण्याच्या टाकीच्या मागे, येऊन-जाऊन बघायचं म्हटलं तर पाऊण तास. मधली सुट्टी अर्ध्या तासाची आणि मोठ्या बाई ती शिक्षकांच्या खोलीतच घालवत. हा हिशेब नव्या बाईंना तिथल्या तिथे कळला. त्यांनी डब्यातला घास पाण्याबरोबर खाली ढकलला. धाडसाची वही त्यांनी त्याच शुक्रवारी बंद केली, परीक्षा जवळ आली आहे असं सांगून. टाचणी त्या दिवशीही टेबलापाशी येऊन उभी राहिली. बाई हजेरी लिहीत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. थोड्या वेळाने समोरची सावली गेली.

मावशीला काढल्यापासून एकोणिसाव्या दिवशी आजोबा गेले. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं.

सगळ्या शिक्षिका मिळून भेटायला गेल्या. मोठ्या बाई रडत होत्या, आणि ते रडणं खोटं होतं असंही म्हणता येत नाही. माणसाला दोन्ही जमतं. "शेवटपर्यंत पाय, पाय करत होते हो," त्या सांगत होत्या. "मी दाबत होते. दाबता दाबताच गेले." टाचणी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. तिने बाईंकडे पाहिलं, एखाद्या अनोळखी पाहुणीकडे पाहावं तसं, आणि चपला नीट लावायला दाराकडे गेली.

महिन्याभराने साहेबांचा फोन आला. पुस्तिका छापायला चालली होती.

"निबंध अप्रतिम आहे, पण शेवट जरा उजळ करा. धाडस हवंच, धाडसाला माझी ना नाही. फक्त मुलांच्या मनावर दडपण यायला नको. मुख्याध्यापिकांशी बोललोय मी, त्यांनाही पटलंय."

बाईंनी उजळ केला. कठीण गेलं नाही, मोठ्या बाई शेजारी बसून सुचवत होत्या. मावशी गेल्या, पेला गेला, ठसका गेला. छापील निबंधाचा शेवट असा झाला: ‘आजोबा पा म्हणतात. कोणालाच कळत नाही. पण माझ्या आईला कळते. पा म्हणजे पाय. ती प्रेमाने त्यांचे पाय दाबते आणि आजोबा हसतात.’ वर मथळा होता, ‘धाडसी लेखनाचा नमुना’, आणि खाली बारीक अक्षरात, काल्पनिक.

पुस्तिका सगळ्या शाळांत गेली. साहेबांची म्हणून प्रत्येक शाळेने ती मुलांकडून पाठ करून घेतली. या शाळेतही घेतली. रोज पहिल्या तासाला एकोणचाळीस मुलं एका सुरात म्हणत, पण माझ्या आईला कळते, पा म्हणजे पाय. बाई छडीने फळ्यावर ठेका धरत. टाचणीचे ओठ बाकीच्यांबरोबर हलत. आवाज निघत होता की नाही, ते एवढ्या गलक्यात कळत नव्हतं, आणि बाई जवळ जाऊन ऐकत नसत.

वार्षिक परीक्षेत तो उतारा आला. प्रश्न तिसरा, एका वाक्यात उत्तर लिहा, गुण एक. ‘पा’ म्हणजे काय?

बाई आता पेपर नीट वाचत. प्रत्येक ओळ वाचत, कोणी पाहत नसलं तरी वाचत. त्यांनी स्वतःची खोली घेतली होती, खिडकीशी टेबल मांडलं होतं, तिथे त्या रविवारी सकाळी गठ्ठा घेऊन बसल्या. टाचणीचा पेपर वरच होता. तो त्यांनी काढून बाजूला ठेवला, शेवटी बघायचा म्हणून. अडतीस पेपर तपासले. अडतीस वेळा, पा म्हणजे पाय.

मग त्यांनी तिचा पेपर ओढला. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, पोरीने ‘पाणी’ लिहिलं असेल तर आपण गुण द्यायचा. नमुना उत्तरपत्रिका जाऊ दे खड्ड्यात, मोठ्या बाई काय करायचं ते करोत, आपण आता कायम आहोत. त्या एका शब्दाची त्या इतकी आतुरतेने वाट बघत होत्या, की तो दिसला असता तर रडल्या असत्या आणि रडून मोकळ्या झाल्या असत्या. स्वतःला जे जमलं नाही ते त्या नऊ वर्षांच्या मुलीकडून मागत होत्या, अजूनही.

उत्तर तिने लिहिलं होतं. पेन्सिलने, सुरेख अक्षरात, ओळीवर.

पा म्हणजे पाय.

बाईंनी कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला. खाली काही लिहून खोडलंय का, रबराने घासलेली जागा दिसते का, हे त्यांनी तिरकं करून, जवळ नेऊन, बोट फिरवून पाहिलं. कुठेही खोडलेलं नव्हतं. पोरीने पहिल्याच झटक्यात तेच लिहिलं होतं.

उत्तर बरोबर होतं. बाईंनी एक गुण दिला आणि चौथा प्रश्न तपासायला घेतला.